तेविसावा प्रश्न

सुजाता,

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "नीलमताई, ताई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेली?"

वर चिडलेसुद्धा. आज गुरुवार, तीन वाजता आपल्याला अंधेरीला पोचायचं, आणि ही बाई आता सकाळीच कुठे निघून गेली? तुझ्या भावाने नुसतं पुन्हा "नीलमताई" म्हटलं. मग मागून तुझ्या आईचा आवाज आला. तो आवाज कसा होता ते मी इथे लिहिणार नाही. तो ऐकल्यावर मला कळलं. कळलं असं म्हणतेय खरी, पण आज सतरा दिवस झाले आणि मी अजून दिवसातून दोनतीनदा तुला काहीतरी सांगायला फोन उचलते. काल तर लावलासुद्धा. मिलिंदने उचलला. थोड्या वेळाने त्यानेच ठेवला.

तुझ्या आईने जे सांगितलं ते एवढंच. तू आंघोळ करून आलीस, निळ्या कुर्त्याला इस्त्री केलीस, "आई, चहा टाक गं" म्हणालीस. त्या चहा घेऊन आल्या तर तू पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, एक हात बाहीत आणि एक बाहेर. त्यांना वाटलं तू थट्टा करतेयस. "ऊठ गं, नाटकं पुरे," असं त्या म्हणाल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगतात आणि प्रत्येक वेळी त्या वाक्यापाशी येऊन थांबतात. पंचेचाळीस वर्षं गं. शुगर नाही, बीपी नाही, डोकं दुखलं तरी तू गोळी घ्यायची नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. असं सांगितलं की जणू पंखा बंद पडला.

मुलुंडहून तुझ्या घरी येताना रिक्षात मी तुझ्याशी भांडतच होते. खरं सांगते. अकरा दिवस मनात घोळवलेली माफी होती माझ्याकडे. आधी तुला थोडं सुनवायचं, मग चूक कबूल करायची, शेवटी काहीतरी बोलून तुला हसवायचं, असा सगळा क्रम ठरवून ठेवला होता. भांडुपच्या सिग्नलला रिक्षा थांबली तरी मी तोच क्रम घोकत होते. तुमच्या बिल्डिंगखाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की हे आता कोणाला सांगायचं?

दीड वर्षापूर्वी आपल्याला ते काम मिळालं तेव्हा तू किती खूश होतीस. मुंबईत येऊन राहिलेल्या इराणी आणि इराकी कुटुंबांची सामाजिक-आर्थिक परिस्थिती, दोन्हींची तुलना. संस्थेच्या सरांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "इराणी म्हणजे चहा आणि बेकरीवाले, ते कळलं. पण इराकी मुंबईत कुठे असतात गं?" आणि पुढच्या आठवड्यात तूच शोधून काढलेस. अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलमागच्या गल्ल्यांत, जिथे औषधांच्या दुकानांवर आता अरबी अक्षरंही रंगवलेली असतात.

काम आपण वाटून घेतलं होतं. तू घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे, मी मुलुंडला घरी बसून ते कॉम्प्युटरवर चढवायचे. घर स्वतःचं की भाड्याचं, शिक्षण किती, कमावणारे किती, मुलं कुठे शिकतात. असे बावीस प्रश्न. त्या दीड वर्षात मी त्यांतल्या एकाही माणसाचं तोंड बघितलं नाही. मला फॉर्मचे नंबर पाठ होते. तू मात्र संध्याकाळी फोनवर सुरू व्हायचीस, "आज झरीनबाईंनी मला काय खायला घातलं माहितेय?"

झरीनबाई इराणी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अंधेरीत स्वतःच्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांचे आजोबा इराणातल्या यज्दजवळच्या कुठल्याशा खेड्यातून बोटीने आले. अक्षरओळख नाही. दुसऱ्या एका इराण्याच्या दुकानात मैद्याच्या पोत्यांवर झोपले, भट्टीवर राबले, आणि काही वर्षांनी स्वतःची बेकरी टाकली. आता बेकरीला कुलूप आहे, मुलं कॅनडात आहेत. पण घर स्वतःचं, बँकेत थोडं आहे, आणि सगळ्या आयुष्यात त्यांना 'तुमचे कागद दाखवा' असं कोणी म्हटलेलं नाही.

आणि नादिया. इराकी, बसऱ्याची, आपल्याच वयाची. शिकलेली इंजिनियर, तिकडे शहराच्या पाणीखात्यात नोकरीला होती. नवऱ्याच्या किडनीच्या उपचारासाठी नऊ वर्षांपूर्वी ती दोघं इथे आली, आणि परत जावं असं घर तिकडे उरलं नाही. नवरा आता अरबी पेशंटांसाठी डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगतो. ती घरी त्यांच्याकडचा होडीच्या आकाराचा पाव भाजते आणि पेशंटांच्या नातेवाइकांना विकते. दर वर्षी व्हिसाची मुदत, दर अकरा महिन्यांनी घरमालकाची.

तुझे फॉर्म चढवताना हे सगळीकडे तसंच दिसत होतं. इराण्यांची पहिली पिढी बिनशिकलेली आणि तिसरी-चौथी स्थिरावलेली. इराकी पहिलीच पिढी, पदव्या घेऊन आलेली, आणि पाव विकणारी. मी निष्कर्षात लिहून टाकलं, 'हा फरक मुख्यतः काळाचा आहे.' ते वाचून तू मला तुझ्या स्वयंपाकघरात बसवून झापलंस. तुझी आई भाकऱ्या थापत होती.

"शंभर वर्षं दे त्या नादियाला," मी म्हटलं, "तिचीही बेकरी होईल."

"काळाचंच असेल तर बगदादचे व्यापारी इराण्यांच्याही आधी आले होते मुंबईत. पेढ्या होत्या त्यांच्या, मोठमोठ्या इमारती बांधल्या त्यांनी. तेही इराकीच ना?"

"ते श्रीमंत होते गं. हातात पैसा घेऊन आले."

"हां. म्हणजे काळ नव्हे, हातात काय होतं ते बघायचं."

"मग झरीनबाईंच्या आजोबांच्या हातात काय होतं? काहीच नव्हतं."

"पत्ता होता," तू म्हणालीस. "गाववाल्याचा पत्ता. बोटीतून उतरल्यावर कोणीतरी त्यांना म्हणालं, इथे झोप, सकाळी भट्टीवर ये. नादियाला असं कोण म्हणालं?"

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं, की असं काही नसतं, राबणारा माणूस कुठेही वर येतो. माझे आजोबा नाही का आले मालवणातून?

तू भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलंस, "कुठे उतरले होते तुझे आजोबा?"

"गिरणगावात. गाववाल्यांच्या खोलीवर."

"आणि गिरणीत?"

"मामांनी लावलं."

"माझे बाबा बीडहून आले तेव्हा त्यांच्याही गावची माणसं होती मुंबईत. खोली होती त्यांची. पण त्या खोलीत आमच्या लोकांना जागा नव्हती. बाबा इथे नाल्याच्या काठाला राहिले, दोन वर्षं." मग तू हसलीस आणि म्हणालीस, "तू इराणी आहेस, नीलू. मी इराकी."

तुझ्या आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं की मला लागलंय. मी म्हटलं, "माझ्या आजोबांनी काय कमी कष्ट केले?" तू म्हणालीस, "कष्ट कोणी नाही केले गं? मी कष्टांचं विचारतच नाहीये."

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक फॉर्मवर खाली पेनाने लिहिलेला एक जादा प्रश्न येऊ लागला. तेविसावा. 'या शहरात आल्यावर पहिली मदत कोणी केली?' जुन्या घरांत तू पुन्हा गेलीस, खास तेवढं विचारायला. रिक्षाबसचा खर्च संस्था देत नव्हती, तरी गेलीस.

आणि मी ते चढवलं नाही.

तुला मी सांगितलं की सरांचा फॉर्म ठरलेला आहे, तक्त्यात तेविसावा रकानाच नाही. ते खरं होतं. पण रकाना करायला दोन मिनिटं लागली असती, सुजाता. मी तो केला नाही कारण तो प्रश्न मला विचारलेला आहे असं वाटायचं. तुझं अक्षर दिसलं की तुझ्या स्वयंपाकघरातलं ते हसू आठवायचं. मी फॉर्म उलटा करून बाजूला ठेवायचे. हे कारण मी तुला कधी सांगितलं नाही. अकरा दिवस घोकलेल्या माफीतसुद्धा हे नव्हतं, तिथेही सरांच्याच नावावर घालणार होते.

तू अहवालाचा कच्चा मसुदा वाचलास तो रविवारी, मुलुंडच्या त्या आपल्या नेहमीच्या उडप्याकडे. पानं चाळत गेलीस, पुन्हा पहिल्यापासून चाळलीस. मग विचारलंस, "माझा प्रश्न कुठाय?"

मी म्हटलं, "अगं, सरांनी—"

"सरांना तू विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

"मी त्या म्हाताऱ्या माणसांना तासतास बसवून हे विचारलं," तू म्हणालीस. "कोणी रडलं त्यात. आणि तू ते फेकून दिलंस? सरळ मला सांगायचंस ना यार, की मला पटत नाही." तुझा आवाज चढला नव्हता, तोच तर वांधा होता. नेहमी तू चढलेल्या आवाजात भांडायचीस आणि पाच मिनिटांनी विसरायचीस. त्या दिवशी डोसा अर्धा टाकून उठलीस. जाताना माझ्या खांद्याला हातसुद्धा लावला नाहीस.

दहा दिवस काही नाही. मग बुधवारी तुझा मेसेज आला. 'उद्या तीन वाजता अंधेरी, नादियाकडे. शेवटची भेट आहे. येणार असशील तर ये.' मी त्यावर नुसता अंगठा पाठवला. शब्द नव्हते असं नाही, समोरासमोर बोलू म्हटलं. आपल्या शाळेपासूनच्या एवढ्या वर्षांचा शेवट त्या अंगठ्यावर झालाय, हे मला कसं पचायचं, तू सांग.

गुरुवारी दुपारी तुला पांढऱ्यात गुंडाळून अंगणात ठेवलं होतं. त्रिसरण-पंचशील सुरू झालं. मला शब्द येत नाहीत, मी हात जोडून नुसते ओठ हलवले. शेजारच्या एका बाईने माझं कोपर धरून ठेवलं होतं, मला वाटतं मी पडेन असं तिला वाटलं असेल. मला मात्र फक्त एकच विचार येत होता, की या मुलीने कुर्त्याची दुसरी बाही घालायला हवी होती.

आणि पावणेचारला माझा फोन वाजला. आम्ही स्मशानभूमीच्या बाहेर उभ्या होतो.

"नीलम? मैं नादिया." तुझ्या फॉर्मवर दुसरा संपर्क म्हणून माझा नंबर होता. "दीदी नहीं आया. फोन नहीं लेता. चाय बनाके रखा, ठंडा हो गया."

मी म्हटलं, "दीदी बीमार है."

का म्हटलं असं? मला माहीत नाही. तोंडातून दुसरं निघालंच नाही. एका माणसाला तरी तू जिवंत आहेस असं वाटू दे, असं काहीतरी झालं असेल. ती म्हणाली, "अच्छा, अच्छा. बोलो दीदी को, आराम करो. जल्दी नहीं." आणि मी म्हटलं, "हां, बोलती हूं."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, दहाव्या दिवशी, तुमच्या सोसायटीचा हॉल भरलेला होता. फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. तो फोटो कोणी निवडला कोण जाणे, तू त्यात फार शहाणी दिसतेस. बुद्धवंदना संपत आली तेव्हा दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक गोरीपान म्हातारी, फुलाफुलांचा झगा, हातात काठी. दुसरीने डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधलेला आणि म्हातारीला दंडाला धरलेलं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तरी पाहताक्षणी ओळखलं. पण त्या दोघी एकत्र कशा? एक फॉर्म इराण्यांच्या गठ्ठ्यातला, एक इराक्यांच्या. माझ्या तक्त्यात त्या एका पानावरसुद्धा नव्हत्या.

लोक जेवायला बसले तेव्हा तुझ्या आईने त्यांना आत बोलावलं. नादिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम नीलम?"

"हां."

"तुम बोला दीदी बीमार है. मैं रोज दुआ किया. अच्छा होने का दुआ. परसों आंटी ने इधर फोन किया, तब मालूम हुआ." तिचा आवाज फाटला. "मरे हुए के लिए दूसरा दुआ होता है. मैं इतने दिन गलत दुआ किया."

मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला. झरीनबाई मध्ये पडल्या. "बस हां, नादिया. ती पण घाबरलेली होती. आपण सगळेच घाबरलेले आहोत ना."

मग त्यांनी तुझ्या आईला सांगायला सुरुवात केली, आणि मी ऐकत राहिले, तुझ्याबद्दलची गोष्ट, जी तू मला कधी सांगितली नव्हतीस.

"तुमच्या मुलीने मला फसवलं," झरीनबाई म्हणाल्या. "मला बोलली, एका बाईला तुमचा ओव्हन बघायचा आहे. माझ्या किचनमध्ये जुना मोठा ओव्हन आहे, बेकरी बंद झाली तसा तो पण बंद. मी बोलली, बघू दे. ती हिला घेऊन आली. आणि हिने दारावर पाटी वाचली. इराणी. अशी उलटी फिरली जिन्यावर! मला वाटलं माझ्या घरात भूत दिसलं हिला."

नादिया खाली बघत होती. "मेरा बाबा," ती म्हणाली, "ईरान के साथ लड़ाई में गया. मैं छह साल का था. वापस नहीं आया. बॉडी भी नहीं. दीदी को मालूम था. मैं दीदी को जिन्यावर बोला, तुम मेरे साथ ऐसा कैसे किया?"

"जिन्यावर" हा शब्द तिने मराठीत म्हटला. तूच शिकवला असशील.

"मग मी बाहेर आली," झरीनबाई म्हणाल्या. "मी बोलली, अगं बाई, मी इराण फक्त नकाशात बघितला आहे. माझा जन्म अंधेरीचा. तुझ्या बाबाला माझ्या घरातल्या कोणी नाही मारलं. पण तुला जायचं तर जा, मी रागावणार नाही. ही निघून गेली. तीन दिवस आली नाही. सुजाता रोज मला फोन करायची, सॉरी आंटी, सॉरी आंटी. चौथ्या दिवशी बेल वाजली तर ही दारात, पीठ घेऊन."

"पहला दिन मैं ब्रेड बनाया," नादिया म्हणाली. "आंटी ने खाया. बोला, नमक कम है."

"होतंच कमी!"

तुझी आई हसली. त्या दहा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता तोंडाला पदर लावला आणि मग रडू थांबेचना. नादियाने त्यांना जवळ घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही.

आठ महिने झाले त्याला. आठवड्यातून तीन दुपारी नादिया झरीनबाईंच्या ओव्हनमध्ये पाव भाजते. आठ महिने तू मला रोज फोन करत होतीस आणि हे बोलली नाहीस. मला आधी राग आला. मग कळलं तू का बोलली नाहीस. मी म्हटलं असतं, "अगं, आपण सर्व्हे करायला गेलोय. त्यांच्या आयुष्यात लुडबुड करायची नसते, तक्ता बिघडतो." नक्की असंच म्हटलं असतं, याच शब्दांत. तू मला चांगलं ओळखत होतीस.

सोमवारी मी सगळे फॉर्म पुन्हा काढले. तेविसावा रकाना केला. तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर वाचत एकेक उत्तर चढवलं. एका इराणी आजोबांना पहिली मदत त्यांच्याच बोटीवरच्या आचाऱ्याने केली होती. एका बाईंच्या सासऱ्यांना त्यांच्या धर्माच्या लोकांच्या धर्मशाळेने. इराक्यांच्या गठ्ठ्यात बहुतेक ठिकाणी तू लिहिलं होतंस, 'थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, कोणी नाही.' एकाने हॉस्पिटलमधल्या आयाबाईंचं नाव सांगितलं होतं. एका ठिकाणी 'एजंट', आणि पुढे तू कंसात 'फसवलं' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यास.

मी अजून पूर्ण तुझ्या बाजूला आलेली नाही, हे ऐकून घे. काळ लागतोच गं. झरीनबाईंच्या आजोबांनाही लागला. इराणी सगळेच सुखात नाहीत, तुझ्याच फॉर्मांत आहेत की दोन खोल्यांत सहा माणसं राहणारी. आणि नादियाच्या नवऱ्याला या शहराने बरं केलंय, तेही मोजायला नको का? यावर तू काय म्हणाली असतीस ते मला अर्धं कळतं आणि अर्धं कळत नाही. त्या उरलेल्या अर्ध्यासाठी मी आता कोणाकडे जाऊ? पण 'मुख्यतः काळाचा' हे वाक्य मी काढून टाकलं. सरांना नवा रकाना जोडून पाठवला, वर लिहिलं की हा प्रश्न सुजाता वाघमारे यांचा आहे. सरांचं उत्तर आलेलं नाही.

परवा, शुक्रवारी, मी नादियाकडे गेले. माफी मागायला, दुसरं काही नाही. घरात झरीनबाई होत्या आणि भाड्याच्या घरांचा एक एजंट होता. अकरा महिने भरत आले होते, करार नवा करायचा होता. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचा कागद त्याने टेबलावर पसरला होता. भाडेकरूला ओळखणाऱ्या दोन स्थानिक माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर.

"झरीन मॅडमचं झालं," तो म्हणाला. "दुसरं गेल्या वेळी सुजाता वाघमारे दिलेलं. त्या एक्स्पायर झाल्या ना? मग ते नाही चालणार. दुसरं कोणतरी सांगा."

असं म्हणाला तो. पावसाळ्याआधी छत्री दुरुस्त करून घ्या म्हणावं तसं. नादियाने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम खिडकीकडे बघत राहिली, मला अवघड वाटू नये म्हणून. झरीनबाई काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या.

सकाळी निघताना माझ्या नवऱ्याने सांगितलं होतं, "चहा पी, दोन शब्द बोल आणि ये. परक्या देशाची माणसं आहेत, कुठल्या कागदावर नाव देऊ नकोस." मी म्हटलं, "एक फोन करायचाय," आणि गॅलरीत गेले. कोणाला फोन करायचा नव्हता. तिथे उभी राहून मी खालच्या गाड्या बघत होते आणि विचार करत होते. उद्या पोलीस दारात आले तर? सोसायटीत काय म्हणतील? मुलाच्या पासपोर्टला अडचण आली तर? ही माणसं चांगली आहेत हे मला तरी कुठून ठाऊक, तुझ्याकडूनच ना? सुजाता, मला माझीच किळस आली, पण विचार थांबेनात. सात-आठ मिनिटं तरी मी तिथे होते.

मग आत आले. एजंटला म्हटलं, "द्या इकडे." नाव लिहिलं, मुलुंडचा पत्ता लिहिला, नंबर लिहिला. "किती वर्षांची ओळख?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नवीन आहे. पण आहे." तो पुटपुटला काहीतरी आणि कागद उचलून घेऊन गेला.

नादिया मला रिक्षापर्यंत सोडायला आली. रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला, आणि या वेळी सोडला नाही. मी विचारलं, "पिछली बार सुजाता ने साइन किया, तब कितना टाइम लिया?"

तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं.

"टाइम?" ती म्हणाली. "दीदी बोला, पेन दो. मेरे घर में पेन नहीं चल रहा था. दीदी नीचे दुकान गया, पेन लेके आया, साइन किया. फिर बोला, अब खाना दो, भूख लगी."

मी रिक्षात बसले. तू गेल्यापासून मी रडले नव्हते, सगळे म्हणत होते हिला धक्का बसलाय, हिला रडवा. अंधेरीतून बाहेर पडलो तेव्हा भर दुपारचं ऊन होतं. पवईच्या सिग्नलला रिक्षा थांबली, शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून बघत होती, आणि मी तुझं नाव घेऊन मोठ्याने रडत होते. रिक्षावाल्याने मीटरवरचं फडकं काढून मागे दिलं. मी ते घेतलं.